लहान मोटारींतील विद्युत साहाय्यित स्टिअरिंग : कार्यपद्धती आणि जुन्या वाहनांत ते बसविण्याचा प्रश्न
(विशेष संदर्भ : केनवड, ता. रिसोड, जि. वाशिम)

प्रस्तावना

वाशिम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील केनवड हे गाव मालेगाव-मेहकर मार्गावर वसलेले आहे. सोयाबीन, तूर आणि कापूस यांच्या या पट्ट्यात दळणवळणाचा भार एसटी, दुचाकी आणि ट्रॅक्टर यांच्यावर असला, तरी गेल्या दोन-तीन दशकांत लहान मोटारींनीही येथील जीवनात जागा मिळविली आहे. या मोटारी बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या हाती आलेल्या असतात. मारुती ८००, ओम्नी, जुनी अल्टो, इंडिका ही त्यांतील परिचित नावे होत. रिसोड, मालेगाव अथवा वाशिम येथे नोकरीसाठी ये-जा करणारा शिक्षक, दवाखान्याला जाणारे वृद्ध दांपत्य, बाजार समितीत जाणारा शेतकरी अशा सर्वांच्या उपयोगी पडणाऱ्या या गाड्यांपैकी अनेकींचे स्टिअरिंग केवळ हाताच्या जोरावर फिरते. वय वाढले, खांदा दुखू लागला किंवा घरातील स्त्री गाडी शिकू लागली, की हे जड स्टिअरिंग प्रथम जाणवते आणि 'पॉवर स्टिअरिंग बसवून मिळेल काय?' हा प्रश्न गॅरेजमध्ये विचारला जातो.

प्रश्न साधा दिसतो; त्याचे उत्तर तसे नाही. भंगारात निघालेल्या नव्या मोटारीचा विद्युत स्टिअरिंग-स्तंभ काढून जुन्या मोटारीत बसविणे कुशल कारागिराला अशक्य नाही. परंतु चालकाचा प्राण ज्या एका दांड्यावर अवलंबून असतो, त्याच दांड्याला हे काम छेद देते. म्हणून ही यंत्रणा नेमके काय करते, काय करीत नाही आणि ती परक्या गाडीत नेल्यावर तिच्यातले काय हरवते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

स्टिअरिंग जड का होते?

लहान मोटारींत सामान्यतः रॅक-पिनियन पद्धतीचे स्टिअरिंग असते. चालकाच्या हातातील चक्र फिरले की स्तंभातील दांडा फिरतो, त्याच्या टोकाचे लहान दातेरी चाक म्हणजे पिनियन फिरते, आणि ते आडव्या दातेरी पट्टीला, म्हणजे रॅकला, डावी-उजवीकडे सरकविते. रॅकच्या दोन्ही टोकांच्या टाय रॉडमुळे पुढील चाके वळतात. हाताने चक्र अठरा अंश फिरविल्यावर चाक सुमारे एक अंश वळावे, अशा प्रमाणाची योजना असते. जोर कमी लागावा म्हणून फेरे जास्त, असा हा सौदा आहे.

गाडी उभी असताना चक्र सर्वांत जड लागते. कारण त्या वेळी टायरचा जमिनीला टेकलेला भाग जागच्या जागी रगडला जातो. या रगडीला लागणाऱ्या टॉर्कचा, म्हणजे पिळाच्या जोराचा, अंदाज बांधण्यासाठी वाहन अभियांत्रिकीत एक अनुभवजन्य सूत्र वापरतात. चाकावरील भाराच्या घनाला टायरमधील हवेच्या दाबाने भागावे, त्याचे वर्गमूळ काढावे, त्याला घर्षणांकाने गुणावे आणि आलेल्या उत्तराचा तिसरा हिस्सा घ्यावा. सूत्र स्थूल आहे. पण त्यातून जे दिसते ते फार बोधप्रद आहे.

उदाहरणादाखल सुमारे ६५० किलो वजनाची मारुती ८०० घेऊ. तिच्यात दोन माणसे बसली आणि एकूण भारापैकी साठ टक्के पुढच्या चाकांवर आला असे धरले, तर प्रत्येक पुढील चाकावर साधारण २३५ किलो भार येतो. टायरमध्ये २८ पौंड दाब आणि घर्षणांक ०.७ धरल्यास प्रत्येक चाक जागेवर वळविण्यास सुमारे ६० न्यूटन-मीटर, म्हणजे दोन्ही मिळून १२० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. अठरास एक हे प्रमाण आणि ७५ टक्के कार्यक्षमता गृहीत धरली, तर चालकाच्या हाती नऊ न्यूटन-मीटर येतात. चक्राची त्रिज्या १८ सेंटीमीटर असल्यास कडेवर सुमारे पाच किलोचा जोर द्यावा लागतो. निरोगी माणसाला हे कष्टाचे नाही.

आता हाच दाब २८ वरून १८ पौंडांवर घसरू द्या. लागणारा जोर पंचवीस टक्क्यांनी वाढतो. पाच जण बसून पुढील भार वीस टक्क्यांनी वाढला, तर जोर वीस नव्हे, एकतीस टक्क्यांनी वाढतो, कारण भाराचा घात दीड आहे. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या म्हणजे पाच किलोचे आठ किलो होतात. पावसाळ्यात काळ्या जमिनीत चाक रुतले असेल तर हे सूत्रही अपुरे पडते. तेथे टायर घासला जात नाही, तर त्याच्या बाजूला साचलेली चिकट माती लोटावी लागते.

ज्या तक्रारीवर मोटर बसविण्याचा उपाय सुचविला जातो, तिचा मोठा भाग हवेच्या पंपाने दूर होण्याजोगा असतो, हे यावरून ध्यानी यावे. निदानाची पद्धतही सोपी आहे. पुढील बाजू जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन, चाके अधांतरी असताना चक्र फिरवून पाहावे. अधांतरी सहज फिरते आणि जमिनीवर जड लागते, तर कारण टायर, दाब, भार अथवा अलाइनमेंट यांत आहे. अधांतरीही जड असेल तर रॅक कोरडी पडलेली आहे, रबरी बूट फाटून आत धूळ-पाणी गेले आहे, वरची बेअरिंग गंजली आहे किंवा स्तंभाखालचा क्रॉस घट्ट झाला आहे. अशा गाडीवर विद्युत साहाय्य चढविणे म्हणजे दुखणे झाकणे होय. मोटर त्या घट्टपणावर मात करते आणि सांधा तुटेपर्यंत चालकाला पत्ता लागत नाही.

महाविद्यालयातील पदार्थविज्ञान विभागालाही हा विषय हाताळता येईल. चक्राच्या कडेला दोरी बांधून स्प्रिंग-काट्याने स्पर्शिकेच्या दिशेने ओढल्यास लागणारा जोर थेट वाचता येतो. टायरचा दाब दोन-दोन पौंडांनी बदलत डांबर, सिमेंट आणि मुरूम या पृष्ठभागांवर नोंदी घेतल्या, तर वर्गमुळाचा संबंध आलेखावर तपासता येतो.

द्रवचलित यंत्रणेकडून विजेकडे

केनवड परिसरातील शेतकऱ्याला पॉवर स्टिअरिंग हा शब्द मोटारीपेक्षा ट्रॅक्टरमुळे अधिक ओळखीचा आहे. ट्रॅक्टरमधील यंत्रणा तेलाच्या दाबावर चालते. इंजिनावर चालणारा पंप तेल दाबाने पाठवितो आणि चालक ज्या दिशेला चक्र वळवितो त्या दिशेला ते तेल दट्ट्या ढकलते. मोटारींतही हीच पद्धत आधी आली. अमेरिकेत क्रायस्लर कंपनीने १९५१ मध्ये ती विक्रीच्या मोटारीत आणली. लहान मोटारीला मात्र ती महाग पडते. वळण असो वा नसो, पंप पट्ट्यावर सतत फिरत राहतो आणि इंजिनाची शक्ती खातो. ७९६ घनसेंटीमीटरच्या, जेमतेम ३७ अश्वशक्तीच्या इंजिनाला हा कायमचा भाडेकरू परवडत नाही.

म्हणूनच विद्युत साहाय्याचा पहिला प्रयोग लहान मोटारीवर झाला, ही बाब लक्षणीय आहे. जपानच्या सुझुकी कंपनीने १९८८ मध्ये आपल्या सर्व्हो या चिमुकल्या मोटारीत, कोयो सेइको कंपनीने घडविलेले, स्तंभावर मोटर असलेले स्टिअरिंग दिले. भारतात १९९९ च्या अखेरीस आलेल्या मारुती वॅगन आरमुळे हे तंत्र सामान्य ग्राहकापर्यंत पोचले. कोयोशी सहकार्य असलेली सोना कोयो स्टिअरिंग सिस्टिम्स ही भारतीय कंपनी असे स्तंभ बनवीत असे. २०१८ पासून ती जेटेक्ट इंडिया या नावाने ओळखली जाते. आज भंगार बाजारात जे स्तंभ मिळतात ते बहुतांशी या वर्गातील मोटारींचे असतात.

कार्यपद्धती

विद्युत स्टिअरिंगविषयीचा सर्वांत रूढ गैरसमज असा की, मोटर चाके वळविते आणि चालक केवळ इशारा करतो. वस्तुतः चालकाच्या हातापासून पिनियनपर्यंतचा लोखंडी दुवा अखंड असतो. मोटर त्या दुव्यात बाजूने येऊन आपला टॉर्क मिसळते, एवढेच. बैल गाडी ओढत असताना चढावर मागून कोणी हात लावावा, तसे हे आहे. हात लावणारा निघून गेला तरी गाडी बैलांच्या हाती असतेच.

ही मदत किती आणि कोणत्या दिशेला करावयाची हे ठरविण्यासाठी दांड्याच्या मध्ये एक बारीक टॉर्शन बार, म्हणजे पीळ खाणारी सळई, बसविलेली असते. चालकाने चक्र वळविले आणि चाकांनी विरोध केला की ही सळई थोड्याशा अंशांनी पिळली जाते. जितका विरोध अधिक तितका पीळ अधिक. सळईच्या दोन टोकांतील हा फरक टॉर्क-संवेदक मोजतो आणि त्याचे विद्युत दाबात रूपांतर करतो. चक्रावर जोर नसताना संवेदकाचा दाब साधारण अडीच व्होल्ट असतो. एका बाजूला जोर दिला की तो वाढतो, दुसऱ्या बाजूला घटतो. संवेदकाचे मार्ग दोन ठेवलेले असतात. पुष्कळ रचनांत एक वर जातो तेव्हा दुसरा तितकाच खाली येतो, म्हणजे दोहोंची बेरीज कायम राहते. बेरीज चुकली तर कोठेतरी बिघाड आहे, हे नियंत्रकाला तत्क्षणी कळते. तारेचा एक टाका निखळला म्हणून गाडीने आपोआप वळू नये, याची ही तजवीज आहे. सळई पूर्ण पिळली गेल्यावर पुढे आणखी पीळ बसू नये म्हणून धातूचा अडथळा असतो, आणि सळई तुटलीच तरी त्या अडथळ्यावरून चक्राचे वळण खाली पोचते.

नियंत्रक म्हणजे लहानसा संगणक होय. त्याला तीन गोष्टी ठाऊक असाव्या लागतात : चालक किती जोर देत आहे, गाडीचा वेग किती आहे आणि इंजिन चालू आहे की नाही. जोर आणि वेग यांच्या जोडीवरून मोटरला किती विद्युत प्रवाह द्यावा याचा तक्ता त्याच्या स्मृतीत कोरलेला असतो. गाडी उभी असताना मदत सर्वांत अधिक, वेग वाढेल तशी कमी आणि महामार्गावरील वेगाला अगदी अल्प. याखेरीज चक्र सोडल्यावर ते मध्यावर यावे, वेगात ते डगमगू नये आणि मोटरच्या स्वतःच्या जडपणामुळे वळण मागे पडू नये, यांसाठीच्या दुरुस्त्या त्याच हिशेबात मिसळलेल्या असतात. हा तक्ता ज्या मोटारीसाठी रचला, तिचे वजन, टायर आणि पुढील चाकांची भूमिती त्यात गृहीत धरलेली असते. पुढील चर्चेत हा मुद्दा वारंवार येणार आहे.

मोटरचा वेग कमी करून जोर वाढविण्याचे काम वर्म आणि वर्म-चाकाची जोडी करते. हे वर्म-चाक पुष्कळदा कणखर प्लॅस्टिकचे असते, म्हणजे आवाज होत नाही. मदतीस लागणारी शक्ती किती थोडी आहे, हे पाहिल्यावर या युक्तीचे मोल कळते. वरील उदाहरणात नऊपैकी सहा न्यूटन-मीटर मोटरने द्यावयाचे आणि चक्र सेकंदाला एक फेरा या गतीने फिरवावयाचे ठरले, तर यांत्रिक शक्ती चाळीस वॅटच्या आसपास लागते. मोटर व दात्यांतील हानी धरूनही हा खर्च हेडलाइटच्या दोन दिव्यांपुढे फारसा नाही. चक्र शेवटच्या टोकाला दाबून धरले तर मात्र मोटर अडकते आणि प्रवाह पंचवीस-तीस अँपिअरच्या घरात जातो. तेथे सवय लावून घेण्यासारखी एकच गोष्ट आहे : टोकाला पोचले की हात किंचित सैल करावा.

मोटर कोठे बसवावयाची यावरून तीन प्रकार होतात. ती डॅशबोर्डखाली स्तंभावर असेल तर रचना स्वस्त व सुटसुटीत होते, आणि पाणी-चिखलापासून दूर राहते. पिनियनवर किंवा थेट रॅकवर बसविलेली मोटर जड गाड्यांना सोयीची असते. जुन्या लहान मोटारीचा विचार करता स्तंभावरील प्रकारच व्यवहार्य ठरतो, कारण त्यात बॉनेटखालची रॅक बदलावी लागत नाही. त्याची किंमत अशी की मोटरचा सर्व जोर खालचा दांडा, क्रॉस आणि पिनियन यांच्यातून जातो.

नॅनोचा धडा

कारखान्यात एखाद्या तयार रचनेला मागाहून विद्युत साहाय्य जोडले गेल्याचे महाराष्ट्राशी निगडित उदाहरण म्हणजे टाटा नॅनो. पुण्याच्या अभियांत्रिकी संशोधन केंद्रात आकाराला आलेली आणि २००९ मध्ये विक्रीस आलेली ही मोटार प्रथम हातानेच वळविण्याची होती. इंजिन मागे असल्याने पुढचा भार हलका, पुढचे टायरही अरुंद. त्यामुळे साहाय्याची गरज नाही, असे गणित होते आणि किंमत कमी राखण्याच्या हट्टाला ते पूरकही होते. तरीही ग्राहकाला ते पटले नाही. जानेवारी २०१४ मध्ये कंपनीने 'ट्विस्ट' नावाची आवृत्ती आणली. तिच्यात झेडएफ समूहाशी संबंधित कंपनीचे विद्युत स्टिअरिंग होते आणि चक्र आपोआप मध्यावर परतावे याची खास तरतूद त्यात होती.

एवढ्या हलक्या गाडीला मध्यावर परतण्याची तरतूद वेगळी का करावी लागली, याचे उत्तर चाकांच्या भूमितीत आहे. वळणातून बाहेर पडताना चाके स्वतःहून सरळ होतात त्याचे एक कारण कास्टर कोन होय. सायकलचा पुढचा चिमटा जसा तिरका असतो तसा हा तिरकेपणा. तो जितका अधिक तितकी चाके सरळ होण्याची ओढ अधिक, पण वळविण्याचा त्रासही अधिक. म्हणून हाताने वळविण्याच्या मोटारींत हा कोन कमी ठेवण्याकडे अभियंत्यांचा कल असतो. अशा गाडीवर मोटर आणि वर्म-चाक यांचे घर्षण चढविले, की आधीच दुबळी असलेली परतीची ओढ त्या घर्षणात विरून जाते. चालकाने वळणानंतर हात सैल सोडले तर चक्र अर्ध्यातच थांबते. कारखान्याने हे ओळखून नियंत्रकाकडून परतीची मदत घेतली. गॅरेजमध्ये दुसऱ्या गाडीचा स्तंभ बसविला असता ती मदत मूळ गाडीच्या हिशेबाने मिळते, नव्या घरच्या नव्हे.

जुन्या मोटारीत बसविताना

ब्रिटनमध्ये जुन्या मोटारी जपणारे हौशी लोक व्हॉक्सहॉल कोर्सा या लहान मोटारीचा विद्युत स्तंभ आपल्या गाड्यांत पुष्कळदा बसवितात. त्याच्या लोकप्रियतेमागचे कारण असे की, वेगाचा संदेश मिळाला नाही तरी त्याचा नियंत्रक बंद न पडता एका ठराविक मध्यम प्रमाणात मदत करीत राहतो. काही जण त्यावर लहान पेटी लावून मदतीचे प्रमाण हाताने कमी-जास्त करण्याची सोय करतात. हीच कल्पना भारतातील गॅरेजांपर्यंतही आली आहे. तिच्यातच या कामाचे खरे दुखणे आहे.

१९८० व १९९० च्या दशकांतील मारुती ८०० मध्ये वेग दाखविणारा काटा केबलने फिरतो. वेगाचा विद्युत संदेश त्या गाडीत मुळात निर्माणच होत नाही. मग कारागीर सोपा मार्ग काढतो. एक तर नियंत्रकाला वेग शून्य आहे असे भासविले जाते, किंवा पेटीतून खोटा वेग पुरविला जातो. पहिल्या प्रकारात गाडी केनवडच्या गल्लीत अतिशय हलकी वळते आणि मालक खूश होतो. हीच गाडी वाशिम जिल्ह्यातून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावर नेली तर चित्र पालटते. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर-शिर्डी आणि जून २०२५ मध्ये पूर्ण लांबीने खुल्या झालेल्या या मार्गावर मोटारींची वेगमर्यादा ताशी १२० किलोमीटर आहे. ८०० ही गाडी त्या वेगाच्या जवळपास गेली, तरी तिचे चक्र उभ्या गाडीइतके हलके राहते. शेजारून ट्रक गेला, वाऱ्याचा झोत आला, चालक दचकला आणि हाताचा झटका बसला की मोटर तो झटका वाढवून चाकांपर्यंत पोचविते. रस्ता हातांना जे सांगत असतो तेही मोटर गिळून टाकते. दुसऱ्या प्रकारातील पेटीची खुंटी चालकाच्या हातात असते. भर वेगात ती फिरविण्याचा मोह होणार नाही, याची हमी कोणी द्यावी?

यावर उपाय नाही असे नाही. केबलच्या वाटेत स्पंदने देणारा संवेदक जोडून खऱ्या वेगाचा संदेश नियंत्रकाला देता येतो. मात्र स्पंदनांची संख्या त्या नियंत्रकाच्या अपेक्षेशी जुळली पाहिजे, अन्यथा त्याला ताशी चाळीस हे वीस वाटतील. ज्या गाडीत हे करणे जमत नाही तिच्यात हे काम करूच नये, असे स्पष्ट म्हटले पाहिजे.

दुसरी बाब दांड्याची. दोन गाड्यांच्या दांड्यांचे दाते क्वचितच जुळतात, म्हणून एक दांडा कापून दुसऱ्याला वेल्डिंगने जोडण्याचा प्रकार होतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरील वेल्डिंग वरून गुळगुळीत दिसले तरी आत किती भिनले आहे हे डोळ्यांना दिसत नाही, आणि उष्णतेने शेजारचे पोलाद ठिसूळ झालेले असू शकते. दर वळणाला उलट-सुलट पीळ खाणारा असा जोड कधीतरी एकदा सुटतो, आणि सुटतो तेव्हा हातात फक्त चक्र उरते. दोन्ही बाजूंचे दाते जुळविणारा, यंत्रावर घडविलेला जोडतुकडा हाच येथे मान्य करण्याजोगा मार्ग आहे. स्तंभाखाली दोन क्रॉस असतील तर त्यांचे चिमटे परस्परांशी योग्य कोनात बसवावे लागतात. नाहीतर एका फेऱ्यात चक्र दोनदा हलके, दोनदा जड लागते. शिवाय अपघातात चालकाच्या छातीवर दाब येऊ नये म्हणून दबून जाणारा स्तंभ पुष्कळ गाड्यांत असतो. नवा स्तंभ पट्टीच्या लोखंडाने पक्का आवळला तर ती सोय नष्ट होते.

विजेच्या बाजूने पाहता, या वर्गाच्या जुन्या मोटारीत साधारण ३५ अँपिअर-तासाची बॅटरी असते आणि इंजिन मंद चालत असताना अल्टरनेटर आपल्या पूर्ण क्षमतेच्या बराच खाली असतो. रात्री दिवे, पंखा आणि वायपर चालू असताना गाडी जागेवर वळविली की व्होल्टेज कोसळते, दिवे मिणमिणतात आणि काही नियंत्रक अपुऱ्या व्होल्टेजमुळे मदत तोडतात. अल्टरनेटर सुस्थितीत असणे, बॅटरीपासून स्वतंत्र जाड तार आणि बॅटरीजवळच फ्यूज असणे ही किमान अट समजावी. इग्निशनच्या जुन्या तारेवरच जोड मारणे हे आगीला निमंत्रण आहे.

बिघाड झाल्यास काय होते, याबाबत एक दिलासादायक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. कारखान्यातूनच साहाय्यित आलेल्या मोटारींत चक्राचे फेरे कमी ठेवण्याकडे कल असतो. त्यामुळे मदत बंद पडली की त्यांचे स्टिअरिंग मुळात साध्या असलेल्या गाडीपेक्षाही जड होते. जुन्या ८०० मध्ये मूळ रॅक तशीच राहते. मदत गेली तर चालक जवळजवळ पूर्वीच्या स्थितीत येतो. अधिक भार पडतो तो फक्त मोटर फुकट फिरविण्याचा. म्हणूनच काम झाल्यावर पहिली चाचणी फ्यूज काढून घ्यावी. मोकळ्या जागी मंद वेगाने, मदत बंद ठेवून, गाडी दोन्ही टोकांपर्यंत वळविता आली पाहिजे. ज्या व्यक्तीसाठी हे सारे केले तिलाच ती वळविता आली पाहिजे, कारागिराला नव्हे.

या सर्व बाबी तोलून पाहिल्यास, सुस्थितीतील मारुती ८०० ला विद्युत साहाय्याची खरी गरज क्वचितच असते. गाडी किंचित हलती ठेवून चक्र फिरविण्याची सवय लावली, दाब दर पंधरवड्याला तपासला आणि अलाइनमेंट नीट ठेवली तर काम भागते. चालकाचे आसन पुढील चाकांवरच असलेल्या ओम्नीची बाब वेगळी. तिच्या पुढच्या चाकांवर भार अधिक येतो. पण तेथेही, गाडीचे उरलेले आयुष्य आणि योग्य रीतीने केलेल्या कामाचा खर्च यांचा मेळ घातला, तर कारखान्यातूनच विद्युत स्टिअरिंग असलेली वापरलेली अल्टो किंवा वॅगन आर घेणे बहुधा शहाणपणाचे ठरते. खांद्याचा किंवा मणक्याचा कायमचा विकार असलेल्या व्यक्तीच्या बाबतीत विचार बदलतो, आणि कायद्यानेही तो बदलला आहे.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ विनिर्देशांशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल म्हणजे 'आल्टरेशन', असे स्पष्टीकरण त्याला जोडलेले आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने के. जयचंद्र प्रकरणात हे कलम काटेकोरपणे लावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने केंद्र शासनाला मागाहून जोडावयाच्या साहित्याचे विनिर्देश व मान्यतेच्या अटी ठरविण्याचा अधिकार मिळाला. शारीरिक अपंगत्व असलेल्या व्यक्तीसाठी बदल केलेले 'रूपांतरित वाहन' ही संकल्पनाही त्यात मांडली गेली. अशा व्यक्तीने नोंदणी प्राधिकाऱ्याची परवानगी घेऊन बदल करणे हा राजमार्ग होय. इतरांनीही काम सुरू करण्यापूर्वी वाशिमच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीला कळवावे. अपघातानंतर दाव्याच्या वेळी, न कळविलेला स्टिअरिंगमधील बदल मालकाला अतिशय महाग पडू शकतो.

स्टिअरिंगच्या देखभालीविषयी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९८ आहे. त्यानुसार चक्रातील मोकळा खेळ तीस अंशांहून अधिक असता कामा नये आणि बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असल्या पाहिजेत. मारुती ८०० चे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. खाजगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते व पुढे पाच-पाच वर्षांसाठी योग्यता तपासणीनंतर नवी होते. म्हणजे एमएच-३७ क्रमांकाच्या बहुतेक ८०० गाड्या या तपासणीतून एकदा तरी गेलेल्या आहेत, आणि अगदी शेवटच्या गाड्यांची वेळ २०२९ च्या सुमारास येईल. तपासनीस प्रथम चक्र हलवून खेळ पाहील, मग डॅशबोर्डखाली वाकून पाहील. तेथे त्याला यंत्रावर घडविलेला जोडतुकडा, स्वतंत्र फ्यूज आणि परवानगीचा कागद दिसतो की कापून चिकटविलेला दांडा, यावर त्या गाडीचे पुढील पाच वर्षांचे भवितव्य ठरेल.